सोसायटीच्या कपाटातली ड्राइव्ह

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न.

बाबा, तुम्ही परवा फोनवर विचारलं की गावच्या सहकारी सोसायटीत नवा संगणक आला, त्यात तो खंडणीवाला व्हायरस शिरला तर सभासदांचे पैसे जातील का? मागून आईचा आवाज आला, "ते बिटकॉइनच बंद करून टाका ना मग!" खंडणी त्याच इंटरनेटवरच्या नाण्यात मागतात, हे तिनं ऐकलेलं. फोनवर अर्धं बोलणं रेंजच खाते, म्हणून लिहून पाठवते. सचिवांनाही वाचायला द्या, त्यांच्याच कामाचं जास्त आहे.

पैशाचं आधी सांगते. सोसायटीचं नवं सॉफ्टवेअर बाहेरच्या सर्व्हरवर चालतं आणि ठेवी बँकेत असतात, त्या संगणकाच्या डब्यात नसतात. पण त्या डब्यात जे असतं ते बँकेतही नसतं: सभासदांच्या एक्सेलमधल्या याद्या, आधार आणि सातबाराचे स्कॅन, कर्जमागणीचे अर्ज, ठराव, ऑडिटचे कागद. ते गेलं की पेरणीच्या तोंडावर सगळ्या गावाला पुन्हा कागद गोळा करायला लावावं लागेल.

या खंडणीवाल्या व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात. त्याचा चोर धान्य उचलून नेत नाही, तुमच्याच कोठीला स्वतःचं कुलूप ठोकून जातो. फाइल जागच्या जागी दिसते, उघडली की नुसता कचरा. हे कुलूप देवळातल्या दानपेटीसारखं समजा. आत टाकणं कुणालाही जमतं, उघडायची किल्ली एकाकडेच. ती किल्ली तुमच्या संगणकावर कधी आलेलीच नसते, त्यामुळे तालुक्यातला कितीही हुशार पोट्टा आणला तरी त्याच्यानं उघडत नाही. विंडोजनं फाइलींच्या जुन्या प्रती ठेवल्या असतील, तर त्याही हे प्रोग्राम आधी पुसतात आणि मगच कुलूप लावायला घेतात. अलीकडे कुलूप लावायच्या आधी एक नक्कल चोरूनही नेतात, म्हणजे पैसे नाही दिले तर "सगळं उघड्यावर टाकू" अशी दुसरी धमकी देता येते.

आत शिरायच्या वाटा मात्र साध्या असतात. रॅन्समवेअरमुळे आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची सगळी संगणकयंत्रणा १४ मे २०२१ ला बंद ठेवावी लागली. चौकशीत निघालं की सुरुवात १८ मार्चला झाली होती, एका कर्मचाऱ्यानं मेलमधली एक्सेल फाइल उघडली तेव्हा. म्हणजे चोर आठ आठवडे आत फिरत होता. अशी फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येऊन 'एनेबल कंटेंट' असं बटण दाखवू शकते. ते बटण दाबायचं नाही. बँकेची किंवा निबंधक कार्यालयाची खरी यादी त्या बटणाशिवाय वाचता येते.

दुसरी वाट फाइलच्या नावाची. विंडोज नावाचं शेपूट लपवून ठेवतं. 'परिपत्रक डॉट पीडीएफ' दिसतं आणि पुढे दडलेलं असतं 'डॉट ईएक्सई', म्हणजे कागद नाहीच, प्रोग्राम आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' मध्ये जाऊन (विंडोज ११ असेल तर तिथून पुढे 'शो' मध्ये) 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर टिक करायला सांगा, शेपूट दिसायला लागतं. तुमच्या मोबाइलवर पीएम किसान किंवा चलानच्या नावानं 'डॉट एपीके' येतं तोही त्याच जातीचा प्रकार. ते बँकेचे मेसेज वाचून पैसे काढतं, उघडूच नका.

तिसरी वाट आपण स्वतः उघडी ठेवतो. प्रिंटर चालेना म्हणून कुणीतरी लांबून बघायचं सॉफ्टवेअर टाकतं, सोपा पासवर्ड ठेवतं, काम झालं की विसरून जातं. ते काढून टाका. लागलं तर पुन्हा टाकायला पाच मिनिटं लागतात.

आणि जुनं विंडोज. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस पसरला, दीडशेच्या आसपास देशांत. प्रत्येक संगणकामागे ३०० डॉलरचे बिटकॉइन मागत होता. इंग्लंडची सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या २३६ संस्थांपैकी निदान ८० त्यात अडकल्या. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवायची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. ती टाकून घ्यायचंच लोकांनी मनावर घेतलं नव्हतं. सोसायटीचा जुना संगणक विंडोज ७ वर असेल तर त्याच्या दुरुस्त्या जानेवारी २०२० पासून बंद आहेत. विंडोज १० च्याही नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्या. जुना संगणक टाकून देऊ नका, पण त्याची नेटची वायर काढा आणि नुसता टायपिंगला ठेवा.

बाबा, आता एक गोष्ट संचालकांच्या बैठकीत नेटानं मांडा. तुमच्या सोसायटीत सेवा केंद्रही चालतं. लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात, व्हॉट्सॲपवरून फाइल टाकून प्रिंट मागतात. हे काम आणि हिशेब एकाच संगणकावर होता कामा नये. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला हल्ला झाला, पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टीबी, म्हणजे तेराशे जीबी, माहिती कुलपात गेली. ओपीडीची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, सगळं दोन आठवडे हातानं लिहून चाललं. सरकारनं संसदेत कारण सांगितलं ते हे की नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. गोठा, कोठी आणि घर एकाच दारानं जोडलं की साप कुठूनही कुठे जातो. एम्स सावरलं कशामुळे? रुग्णांच्या नोंदींची एक प्रत वेगळ्या बॅकअप सर्व्हरवर होती आणि तिला झळ लागली नव्हती, म्हणून. रोजचं कामही ॲडमिन खात्यातून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यातून, करू नका, साधं खातं काढून घ्या. त्यानं फाइली बचावतीलच असं नाही, पण अँटिव्हायरस बंद करणं आणि जुन्या प्रती पुसणं चोराला अवघड जातं.

आता ड्राइव्ह. एवढा एकच खर्च मी मागते आहे. १ टीबीच्या दोन एक्सटर्नल हार्ड ड्राइव्ह घ्या. तुमचा माल फार नाही: ८०० सभासद, प्रत्येकाची ६ पानं, पानाला १ एमबी धरला तरी ५ जीबीच्या आत. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्येही मावेल, पण पेनड्राइव्ह कुणाच्या तरी खिशातून गाणी भरायला जातो. दोन्ही ड्राइव्हवर मार्करनं 'अ' आणि 'ब' लिहा. या शुक्रवारी 'अ' जोडायची, तारखेचं फोल्डर करून सगळं उतरवायचं, 'इजेक्ट' करून काढायची आणि कपाटात. पुढच्या शुक्रवारी 'ब', ती सचिवांच्या नाहीतर तुमच्या घरी. दहा-पंधरा मिनिटांचं काम. मधेच लाइट गेली तर अर्धवट उतरलेलं फोल्डर पूर्ण समजून बसाल, म्हणून यूपीएस चालू असतानाच करा.

ड्राइव्ह जोडूनच का ठेवायची नाही, हे सचिव नक्की विचारतील. कारण कुलूप लावणारा प्रोग्राम जोडलेली प्रत्येक ड्राइव्ह धुंडाळतो, बॅकअपलाही कुलूप लावतो. वळवाच्या पावसात लाइन वरखाली झाली तरीही जोडलेलीच जळते. जुन्या फोल्डरवर नवं टाकायचं नाही हेही आयर्लंडच्याच आठ आठवड्यांवरून घ्या: बिघाड उशिरा कळला तर शेवटच्या दोन्ही प्रती खराब निघू शकतात. महिन्याचं शेवटचं फोल्डर मार्चचं ऑडिट होईपर्यंत पुसू नका. गूगल ड्राइव्हवर आपोआप चढतं म्हणून निर्धास्त राहू नका. इथली फाइल बिघडली की वरचीही तशीच होते. तिथे जुनी आवृत्ती ३० दिवस मिळू शकते, पण ती एकेक करून काढायला कोण बसणार? आणि महिन्यातून एकदा ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून कुठल्याही पाच फाइली उघडून बघा. न उघडून बघितलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

एवढं करूनही झालंच तर? पडद्यावर धमकी दिसली की आधी नेटची वायर ओढा, वायफाय बंद करा. शक्यतो संगणक बंद करू नका, तपासाला लागणारे धागे मेमरीत असतात. पडद्याचा मोबाइलनं फोटो काढा. घाबरून कपाटातली ड्राइव्ह आणून जोडू नका, ही चूक सहज होते. जिल्हा बँक आणि सहाय्यक निबंधकांना कळवा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, सायबर पोर्टलवर तक्रार टाका. सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेला सहा तासांत कळवायचा नियम आहे, तेही सचिवांनी लिहून ठेवावं. मग संगणक पुसून, विंडोज नव्यानं टाकून, त्यानंतरच ड्राइव्ह जोडायची.

पैसे देऊन टाकले तर काय, असं कुणीतरी म्हणेलच. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराकडे सुमारे ७६ हजार डॉलर मागितले, शहरानं नाही म्हटलं आणि सावरायचा खर्च १.८ कोटी डॉलरवर गेला. हिशेब बघून वाटतं, द्यायचे होते. पण मे २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइन या तेलवाहिनीच्या कंपनीनं ७५ बिटकॉइन मोजले. मिळालेली किल्ली इतकी हळू चालली की शेवटी स्वतःच्या बॅकअपवरच काम काढावं लागलं. आयर्लंडनं एक पैसा दिला नाही, चोरांनी किल्ली फुकट दिली, तरी सगळे सर्व्हर उघडायला सप्टेंबर उजाडला. किल्ली मिळाली तरी साफसफाई चुकत नाही.

आई, आता तुझं बिटकॉइन. तुझं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. १९८९ मध्ये पहिला असा प्रोग्राम फ्लॉपीवरून टपालानं वाटला गेला, तेव्हा १८९ डॉलर पनामाच्या एका पोस्ट बॉक्सवर पाठवायचे होते. असा धंदा वाढणार कसा? बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झालं आणि परदेशातल्या चोराला घरबसल्या, तासाभरात, कुणाला न विचारता वसुली करता यायला लागली. हा दोष त्याच्या पदरात टाकायलाच हवा, तिथे मी त्याची वकिली करणार नाही.

पण त्याची वही उघडी असते. तलाठ्याच्या फेरफार नोंदींसारखी: कुठून कुठे गेलं ते जन्मभर दिसतं, फक्त नावाच्या जागी लांबलचक आकडे. त्या वहीवरून माग काढत अमेरिकी तपासयंत्रणेनं कलोनियलच्या ७५ पैकी ६३.७ बिटकॉइन महिन्याभरात परत मिळवले. नोटांच्या थैलीचा असा माग लागला नसता. चेनॅलिसिस नावाची कंपनी ही वही तपासते. तिच्या हिशेबानं खंडणीचे पैसे २०२३ मध्ये सुमारे १२५ कोटी डॉलर होते, २०२४ मध्ये ८१ कोटींवर आले, कारण पैसे न देणारे वाढले.

बंद करायचं म्हटलं तर त्याचं ऑफिस कुठेच नाही, टाळं कशाला लावणार? चीननं २०२१ मध्ये व्यवहारांवर बंदी घातली तरी ते चालूच आहे. आपल्याकडे बंदी नाही, मान्यताप्राप्त चलनही नाही. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे.

आपल्या गावाला त्याचा धोका खंडणीपेक्षा वेगळ्या बाजूनं येतो. गेनबिटकॉइन नावाची योजना महिन्याला १० टक्के, १८ महिने देतो म्हणाली आणि महाराष्ट्रात कित्येकांचे पैसे बुडाले. बिटकॉइनचा भाव चढतो, पडतो, ठरलेलं व्याज तो देतच नाही. त्यामुळे "महिन्याला इतके टक्के, आणखी दोन माणसं जोडा" असं बचत गटात कुणी सांगून राहिलं, तर नाणं कोणतं हे विचारायचीही गरज नाही, तो जुनाच साखळीचा धंदा आहे. त्याला चहा पाजून वाटेला लाव.

घरचं थोडं राहिलं. ३१ जुलै २०२४ ला सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर आलं आणि जवळजवळ ३०० छोट्या बँकांचं यूपीआय, एटीएम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी चालू झालं. खात्यातले पैसे कुठे गेले नव्हते, फक्त रस्ता अडवून ठेवला होता. असं झालं तर बँकेपुढे रांग लावू नका. चार दिवसांचा बाजार, औषधं आणि निंदणाऱ्या बायांची मजुरी एवढे रोख घरात असू द्या, पासबुक दर महिन्याला छापून आणा.

आणि आई, जून २०२४ मध्ये लंडनच्या रक्त तपासणाऱ्या संस्थेवर हल्ला झाला तेव्हा रुग्णांचा गट जुळवून बघणंच अवघड झालं, म्हणून बहुतेकांना चालणारं ओ गटाचं रक्त लोकांकडून मागवावं लागलं. तेव्हा सेवाग्रामच्या दवाखान्यात जाशील तेव्हा "त्यांच्या कॉम्प्युटरात आहे सगळं" म्हणून रिकाम्या हातानं जाऊ नकोस. शुगरचे शेवटचे तीन रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं आणि किती मिलिग्रॅम ते, आणि रक्तगट, एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेव. बाबांचीही दुसऱ्या रंगाची कर. मागच्या वेळी दोघांचे कागद एकाच पिशवीत होते.

बाबा, ड्राइव्ह घेताना बिल सोसायटीच्या नावानं घ्या आणि केबल जपा, तीच आधी हरवते. पहिल्या शुक्रवारी सचिवांना काही अडलं तर मला सातनंतर फोन करायला सांगा.

तुमची,
ताई