पाऊस शून्याखाली कसा जातो?

मा. संपादक,

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांतून महिन्यागणिक पावसाचे आलेख येऊ लागतात. त्यांतले बरेचसे आलेख बिंदू वळणदार रेषेने जोडून काढलेले असतात. दिसायला ते छान दिसतात. पण ही रेषा पुष्कळदा धादांत खोटे सांगते, आणि ते कसे, हे कागद-पेन्सिल घेऊन तपासता येते.

सोयीसाठी गोव्याच्या पावसाचे गोल आकडे घेऊ. मार्च आणि एप्रिल कोरडे, मे महिन्यात २ इंच, जूनमध्ये ३४ इंच. दिलेल्या बिंदूंतून गुळगुळीत रेषा नेण्याची एक प्रचलित रीत कॅटमुल आणि रोम यांनी १९७४ साली मांडली. एप्रिल आणि मे यांच्या बरोबर मध्यावर ही रेषा कुठे असेल? मधल्या दोन आकड्यांच्या बेरजेला ९ ने गुणायचे, त्यातून कडेच्या दोघांची बेरीज वजा करायची आणि १६ ने भागायचे. (० + २) × ९ = १८; १८ − (० + ३४) = −१६; उत्तर −१. म्हणजे ऐन उन्हाळ्यात गोव्यात उणे एक इंच पाऊस! हिशेबात चूक नाही. मेच्या बिंदूवर रेषेचा चढ एप्रिल आणि जूनवरून ठरतो, तो येतो महिन्याला १७ इंच. शून्यावरून जेमतेम २ पर्यंत जायचे आणि तिथे पोचताना एवढा चढ हवा, तर आधी खाली डुबकी मारण्यावाचून तिला गत्यंतरच नसते.

मुळात महिन्याचा पाऊस ही बेरीज असते. मेची बेरीज आणि जूनची बेरीज यांच्या मध्ये काही नसतेच, त्यामुळे तिथे स्तंभच हवेत. १ जूनपासूनचा एकूण पाऊस, ‘इंचांचे शतक’ (शंभर इंच) कधी गाठले वगैरे दाखवायचे असेल तर रेषा चालेल, पण सरळ तुकड्यांची. एकूण पाऊस कधी उतरत नाही. कोरड्या आठवड्यामागून मुसळधार आली की वळणदार रेषा मात्र तो उतरवून दाखवते. न उतरणाऱ्या गुळगुळीत रेषेची रीत फ्रिट्श आणि कार्लसन यांनी १९८० मध्ये दिली आहे, पण दैनिकाच्या घाईत कोण ती करत बसणार?

एक्सेलमध्ये उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. रेषेवर उजवी क्लिक, ‘फॉरमॅट डेटा सिरीज’, आणि रेषेच्या पर्यायांत तळाशी असलेल्या ‘स्मूद्ड लाइन’समोरची खूण काढायची.

व्याजदरांचे दुखणे वेगळे. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना कर्ज देते तो दर, ४ मे २०२२ रोजी ४.४० टक्के झाला आणि ८ जूनला ४.९०. मधले पाच आठवडे तो जागचा हलला नव्हता. वळणदारच काय, तिरकी सरळ रेषादेखील तो रोज थोडा थोडा चढल्याचे भासवते. इथे पायऱ्यांची रेषा हवी. लिब्रेऑफिस या मोफत संचात ती तयार मिळते; एक्सेलच्या स्कॅटर आलेखात बदलाच्या तारखेला जुना आणि नवा असे दोन्ही दर भरावे लागतात.

वक्रांशी आमचे वैर नाही. संगणकावर जुळवलेल्या अक्षरांची वळणे बेझिए वक्रांचीच असतात, जे मुळात रेनो आणि सित्रोएन या कंपन्यांत मोटारींच्या आकारांसाठी घडले. हा वक्र त्याला आकार देणाऱ्या नियंत्रक बिंदूंच्या घेराबाहेर कधी जात नाही, मात्र मधल्या बिंदूंना सहसा शिवतही नाही. अक्षराला ते चालते, कारण वळण कुठे हवे ते अक्षर काढणाराच ठरवतो. जुलैच्या पावसाचे शिखर असे छाटून कसे चालेल?

उलट, गरिबांपासून मोजत गेल्यास लोकसंख्येच्या किती हिश्शाकडे एकूण उत्पन्नाचा किती हिस्सा जातो हे दाखवणाऱ्या लोरेन्झ वक्राच्या बाबतीत सरळ तुकडेही फसवतात. समजा, लोकसंख्येच्या पाच समान गटांच्या वाट्याला गरिबांकडून श्रीमंतांकडे ५, १०, १५, २५ आणि ४५ टक्के उत्पन्न येते. बिंदू सरळ जोडून गिनी गुणांक (विषमतेचे माप; सगळ्यांचे उत्पन्न सारखे असेल तर ०, विषमता वाढेल तसा १ कडे) काढला तर ०.३८ भरतो. पण त्यात एकेका गटातले सगळे जण सारखेच कमावतात असे धरलेले असते. तसे नसतेच, त्यामुळे खरा आकडा ०.३८ च्या वर जातो. वरच्या गटात तर लखपती आणि अब्जाधीश एकाच मापाने मोजले जातात. असा आलेख किती गटांवरून काढला, एवढी एक ओळ त्याच्याखाली छापावी.

— गणिताचा एक शिक्षक, फोंडा