सुवर्णदुर्ग इकडे पण आहे!

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर सांगायला घेतलं होतं पण आईचा कुकर आणि बाबांचं "आवाज तुटतोय, आवाज तुटतोय" यात सगळं अर्धवट राहिलं, म्हणून आता बसून टाइपच करते. बाबा, चष्मा लावून वाचा आणि मधेच चिडलात तरी शेवटपर्यंत वाचा.

तर आम्ही दोघं शूटर्स हिलला गेलो होतो. लंडनच्या आग्नेयेला टेकडी आहे, बस वरपर्यंत जाते, उतरायचं आणि सरळ जंगलात शिरायचं. पूर्वी हा सगळा केंटचा भाग, लंडन मागाहून वाढत वाढत येऊन त्याला चिकटलं, पण झाडी तशीच राहिलीय, मोठमोठे ओक, खाली ओला पाचोळा आणि चेस्टनटची काटेरी फळं जिकडे तिकडे पडलेली. आई, ती फळं म्हणजे लिंबाएवढे फणस समज, आणि आतल्या बिया उकडल्या की चव अगदी आठळ्यांची, मी ओंजळभर आणल्यात.

चालता चालता झाडीतून एकदम एक बुरूज दिसतो. तिकोनी, विटांचा, 63 फूट उंच, तिन्ही कोपऱ्यांना सहाकोनी मनोरे आणि टोकदार कमानींच्या खिडक्या. लांबून किल्ला, जवळ गेलं तर एखाद्या बंगल्यापेक्षा लहान. इकडच्या श्रीमंतांना त्या काळी ही हौसच होती, टेकडीवर नुसता दिसायला छान असा बुरूज बांधून ठेवायचा, कोणी राहायचं नाही की लढायचं नाही. त्याला फॉली म्हणतात, म्हणजे चक्क वेडेपणा. आपली आजी असती तर म्हणाली असती, एवढा खर्च केलात आणि साधा माजघराला पत्ता नाही.

मी नाव वाचलं होतं आधी, सेव्हर्नड्रूग कॅसल. मला वाटलं सेव्हर्न नदीचं काहीतरी असेल. मग दारावरची दगडी पाटी वाचायला लागले, ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचे सर विल्यम जेम्स, त्यांचे पराक्रम, वगैरे वगैरे, आणि खाली "मलबारच्या किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रूगचा किल्ला", तारीख 2 एप्रिल 1755. परत वाचलं. तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, सेव्हर्नड्रूग, सेव्हर्न ड्रूग, सुवर्ण... अहो बाबा, सुवर्णदुर्ग! आपला! पडवीतून दिसतो तो! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की कोणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला.

आणि मलबार काय मलबार. तेव्हा इंग्रज सगळ्याच पश्चिम किनाऱ्याला मलबार म्हणायचे हे माहितीये मला, तरी हर्णैला मलबार म्हटलेलं दगडात कोरलेलं बघून डोकं फिरलंच.

पुढचं तुम्हाला पाठच आहे, पाहुणे आले की जेट्टीवर उभं राहून सांगता ते. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात, म्हणून नानासाहेबांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला, इकडून रामाजी महादेव आणि समुद्रातून हा जेम्स, 44 तोफांचं प्रोटेक्टर जहाज घेऊन. गोळ्यांनी आत आग लागली, दारूगोळा उडाला आणि किल्ला पडला. मग तो पेशव्यांच्याच ताब्यात आला, आणि पुढच्या वर्षी विजयदुर्गाला आंग्र्यांचं अख्खं आरमार जळालं. तुम्ही इथे नेहमी थांबता आणि म्हणता, "आपल्याच हाताने." तर बाबा, त्या पाटीवर आपला हात कुठेच नाही. पेशवे नाहीत, रामाजी नाहीत, तुळाजीचं नावसुद्धा नाही. जेम्ससाहेबांनी एकट्याने जिंकला म्हणे. मला राग नक्की कशाचा आला ते अजून ठरलं नाहीये, आपल्याला वगळल्याचा की वगळलं ते बरंच झालं असं क्षणभर वाटल्याचा.

पण आई, बांधलाय कोणी ते ऐक. त्याने नाही, त्याच्या बायकोने. हा माणूस इकडे परतला तो गडगंज होऊन, जवळच एल्टमला इस्टेट घेतली, खासदार झाला, कंपनीचा चेअरमन झाला, आणि 1783 च्या डिसेंबरात मुलीच्या लग्नाच्या दिवशीच झटका येऊन गेला. लग्नाच्याच दिवशी गं. पुढच्या वर्षी त्या बाईने रिचर्ड जप नावाच्या आर्किटेक्टकडून हा बुरूज बांधून घेतला. आत तेव्हा आपल्या किल्ल्यावरून आणलेली हत्यारं मांडलेली असायची, आता काही नाहीये त्यातलं. म्हणजे जिच्यासाठी ही नवऱ्याची आठवण तिच्यासाठी सुवर्णदुर्ग म्हणजे तरुण नवऱ्याचा सगळ्यात मोठा दिवस, एवढंच. ती तर कधी बघायलाही आली नसेल.

वर जायला 86 पायऱ्या, गोल गोल. बाबा, तुमच्या गुडघ्यांनी होईल, मधे थांबायला मजले आहेत, आणि खाली कॅफे आहे, आई केक खात बसेल. गच्चीवरून थेम्स, उंच बिल्डिंगा, सगळं लंडन एका बाजूला आणि दुसरीकडे नुसती हिरवी केंट. ग्रीनिच आणि पॅरिसच्या वेधशाळा मापाने जोडायच्या होत्या तेव्हा जनरल रॉयने सर्व्हेसाठी हाच बुरूज वापरला होता. 1986 ला तो बंद झाला, खिडक्यांना फळ्या ठोकल्या, मग आजूबाजूच्या लोकांनी ट्रस्ट काढून, पैसे जमवून, डागडुजी करून 2014 ला परत उघडला. त्यातलेच लोक आता तिथे फुकट ड्यूटी करतात.

त्यातल्या एका आजोबांना मी सांगितलं की खरा किल्ला आमच्या घरासमोर आहे. ते आधी नुसते हसले, मग खुर्ची ओढून बसले. मी सांगितलं की आमच्याकडे तो पाण्यात आहे, ओहोटीला खडक उघडे पडतात, दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय आणि तटावर मारुती. कासव का, म्हणाले. मला सांगता आलं नाही, बाबा, तेवढं लिहून पाठवा. मग त्यांना नाव म्हणायला शिकवलं, "सु-वर-ण-दुर्ग", पाच वेळा म्हणाले आणि पाचही वेळा ड्रूगच आलं. शेवटी मी तिकिटाच्या मागे देवनागरीत लिहून दिलं, ते त्यांनी गल्ल्याशेजारी टाचणीने लावलं.

आणि मी कबूल करून बसलेय की पडवीतून काढलेला फोटो आणून देते. तेव्हा बाबा, सकाळी ऊन किल्ल्यावर असतं तेव्हा काढा, मोबाइल आडवा धरून, बोट मधे न आणता. आणि आई, दोरीवरचे कपडे तेवढे काढून घे आधी.

तुमची,
बाळी