ठोकळेच घे, सुमे

कोल्हापूर,
शनिवार दुपार

प्रिय सुमे,

नातवाच्या दुसऱ्या वाढदिवसाला काय घेऊ म्हणून तू फोनवर विचारलंस, आणि मी स्वयंपाकाच्या गडबडीत ‘बघू गं’ म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. बटण दाबलं की गाणं म्हणणारी गाडी नको घेऊ. साधे लाकडी ठोकळे घे.

चिमीसाठी मी पावसाळ्यात गल्लीतल्या सुताराकडून करून घेतले, उरलेल्या सागवानाचे. एकच बजावलं होतं: मधला ठोकळा छोट्याच्या बरोब्बर दुप्पट, लांब ठोकळा मधल्याच्या दुप्पट. पहिल्या खेपेला माप चुकलं, मनोरे डुगडुगायला लागले, सगळे परत नेले. कॅरोलाइन प्रॅट या अमेरिकन बाईंनी शंभरेक वर्षांपूर्वी शाळेतल्या मुलांसाठी असेच दुपटीच्या मापाचे ठोकळे केले होते. त्याच्याही कितीतरी आधी, १८३७ साली जर्मनीत ब्लँकेनबर्गला बालशिक्षणाची संस्था काढणाऱ्या फ्रोबेलनं मुलांच्या हातात आठ छोट्या घनांत सुटणारा एक घन दिला. ‘किंडरगार्टन’ हा शब्दही त्याचाच.

दिवाळीत आम्ही पन्हाळ्याला तीन दरवाजा बघून आलो. घरी आल्याआल्या चिमीनं दोन खांब उभे केले आणि वर लांब ठोकळा ठेवायला गेली. तो मधेच पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. माझा हात पुढे गेलाच होता, पण आवरला. तिसऱ्यांदा तिनं ठोकळा दोन्ही खांबांवर नुसता अधांतरी धरला, वाकून खालून बघितलं, आणि तळव्यानं एक खांब हळूच आत सरकवला. जीभ दातात. ठेवला, राहिला! मग एक चिंचोका दरवाजातून आत गेला, तो म्हणे हत्ती.

सुमे, मी हात घातला असता तर दरवाजा झाला असता, पण अंतर तिच्या डोळ्यांना कळलं नसतं. आता ‘मधोमध’, ‘आडवा’, ‘टेकू दे’, ‘अजून अलीकडं’ असे शब्द तिच्या तोंडी आपोआप येतात.

परवा शेजारचा पोरगा आला आणि शेवटच्या लांब ठोकळ्यावरून दोघांची ओढाओढ. मी गप्प बसले, जिवावर आलं तरी. थोड्या वेळानं चिमीनं दोन मधले टोकाला टोक लावून त्याच्यापुढं ठेवले. “हे घे, तेवढंच आहे.” पोरानं शेजारी लावून बघितलं आणि लांब ठोकळा सोडून दिला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं गं.

तुझा नातू अजून लहान आहे. दोन वर्षांचं पोर साधारण सहा ठोकळे एकावर एक रचतं, पूल तिसऱ्या वर्षाच्या आसपास. त्याचे चारच राहिले तरी मोजत बसू नकोस. पाडायलाच जास्त आवडेल, पाडू दे. तोंडात मावेल इतका बारका तुकडा मात्र नको. कडा पॉलिश पेपरनं घासलेल्या हव्यात, रंगाची गरज नाही.

जोतिबाच्या खेट्याला येणार आहेस ना? तोवर मी सुताराकडून पन्नास करून ठेवते. येताना एक दणकट कापडी पिशवी आण, जड होतात.

तुझीच,
मंदा