फॉर्म भरलाय, पाठवलेला नाही

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लांबलं, कारण शेवटच्या ओळीतल्या ‘मग, येतोयस ना इकडे?’ या प्रश्नापाशीच अडलो होतो. पदवीच्या मध्येच हे कॉलेज सोडून तुझ्या कॉलेजात यायचा फॉर्म भरून ठेवलाय, फोटोही चिकटवलाय. पण पाठवलेला नाही.

माझी सगळी क्रेडिट्स, म्हणजे इथे पूर्ण केलेल्या विषयांचे पदवीसाठी मोजले जाणारे अंक, तिकडे चालतील असं फोनवर एकानं छातीठोकपणे सांगितलं होतं. मी हुरळून गेलो. सर म्हणाले, “लेखी माग.” प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम जोडून पाठवला, तेव्हा कळलं. ४८ क्रेडिट्स स्वीकारणार, पण मुख्य विषयात धरणार ३३ च. उरलेली १५ ऐच्छिकच्या खात्यात जमा, आणि तेच विषय तिथे पुन्हा करायचे. स्वीकारणं वेगळं आणि धरणं वेगळं, हे आधी कुणी सांगितलंच नाही रे. शिवाय शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापासून असणाऱ्यांनाच. मधून येणाऱ्याला नाही.

म्हणजे सगळी भिस्त कर्जावर. वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. १० टक्के चक्रवाढ व्याजानं, काही न फेडता, रक्कम सव्वासात वर्षांत दुप्पट होते. कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून बाबांची सही लागणार होती. त्या रिकाम्या चौकटीकडे बराच वेळ बघत बसलो.

आणि त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला मुळाच्या टोकाची स्लाइड केली. कार्मिनचा लाल रंग, स्लाइड दिव्यावरून हलकेच फिरवायची, मग टिपकागद ठेवून अंगठ्यानं दाबायचं. माझ्या दोन स्लाइड बिघडल्या. तिसरीत गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जाताना स्पष्ट दिसली! वर्गात आम्ही बावीसच, त्यामुळे मायक्रोस्कोप तासभर माझ्या एकट्याकडे होता. सर शेजारी उभे राहून म्हणाले, “आता पेशी मोज.” तुमच्याकडे एका मायक्रोस्कोपवर पाचजण असतात, असं तूच लिहिलं होतंस.

तरी खोटं नाही बोलणार, मला यायचं होतं. डीएनएवरचं काम इथे फक्त फळ्यावर होतं, आणि वर्ग सुटल्यावर वाद घालायला तुझ्यासारखं कुणी नाही. एका खोलीत राहायचं आपलं ठरलेलं मी मोडतोय, याचं फार वाईट वाटतंय.

पदवी इथेच पूर्ण करतो. पुढच्या शिक्षणाला तिकडे येईन, तेव्हा अख्खी पदवीच हातात असेल. एकेका पेपरचा हिशेब कुणी मागणार नाही. आणि तोवर मला ओळखणाऱ्या सरांचं शिफारसपत्रही असेल.

तू रागावला असशील तर तसं लिही, गप्प बसू नकोस. आणि जेनेटिक्सच्या प्रॅक्टिकलची तुझी वही जपून ठेव. सुट्टीत येतोय, सगळी उतरवून घेणार आहे.

तुझाच