व्हॅलेन्सियाची लोन्हा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. स्पेनमध्ये काय पाहिलंस असं विचारलं आहेस. चर्चबिर्च राहू दे, तुझ्यासारख्या पेढीवर बसणाऱ्याला लोन्हाबद्दलच सांगायला हवं.

लोन्हा म्हणजे व्यापाऱ्यांनी सौदे करायची इमारत. पंधराव्या शतकात व्हॅलेन्सिया बडी व्यापारी पेठ होती. 1407 मध्ये शहराने स्वतःची सार्वजनिक पेढी काढली, 1479 मध्ये मखमल विणणाऱ्यांचा संघ झाला. जुनी जागा पुरेना, म्हणून पेरे कोम्प्ते या स्थपतीने नवी बांधायला घेतली. 1498 पर्यंत मुख्य दालन उभं राहिलं. बाकीचं काम 1548 पर्यंत रेंगाळलं.

आत शिरलं की मान आपोआप वर जाते. मधोमध आठ मोकळे खांब, सुमारे 17 मीटर उंच, आणि दगडाला पीळ कसा, तर ओलं धोतर पिळावं तसा! वर पोचून तो पीळ छताच्या कमानींत फाकतो. छताखाली भिंतींवरून सोनेरी लॅटिन अक्षरांची पट्टी फिरते. इमारत स्वतःच बोलते त्यात: मी पंधरा वर्षांत उभी राहिले; नगरबांधवांनो, जो व्यापार जिभेवर कपट ठेवत नाही, दिलेला शब्द मोडत नाही, पैसा व्याजाला लावत नाही, तो किती चांगला हे चाखून बघा. असं वागणारा व्यापारी धनाने भरून वाहील आणि शेवटी अनंत जीवन भोगेल.

आता शेजारचा बुरूज बघ. तळाशी प्रार्थनाघर आणि वर कोठडी! पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांना तिथे डांबत. वसुलीसाठी तू घातलेले हेलपाटे आठवून मला हसूच फुटलं. दुसऱ्या बाजूच्या इमारतीत सागरी व्यापाराचे तंटे मिटवणारं 'कोन्सोलात दे मार' हे न्यायालय बसायचं. ती संस्था तर 1283 पासूनची. म्हणजे उपदेश सोन्याने लिहिला, पण त्यावर विसंबून कोणी राहिलं नाही. मला ही माणसं फार शहाणी वाटली.

पुढे इथे सैनिकही राहिले. 1996 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. बाहेरच्या पन्हाळ्यांवर काही शिल्पं इतकी चावट आहेत की पत्रात वर्णन करत नाही, काकू वाचतील.

आलास तर सकाळी ये. समोरच 1928 चा मोठा बाजार आहे, तो दुपारी बंद होतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय