वेबसाइट बदलायच्या आधी आत्याला बसवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या धंदेवाल्यांनी ऑनलाइन विकावं, वेबसाइट चकाचक करून घ्यावी असे सल्ले आपल्या पेपरात वरचेवर वाचतो. चांगलंच आहे, पण मी स्वतः गेली बरीच वर्षं वेबसाइट बनवायच्याच धंद्यात आहे आणि चकाचक केल्याने विक्री वाढली असं काही मला फारसं दिसलेलं नाही, म्हणून म्हटलं एकदा लिहावंच.

माझ्या मावसभावाची देवगडला हापूसची बाग आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याचा फोन, साइट नवीन करून दे रे, लोक येतात बघतात आणि निघून जातात. आमच्या भाषेत याला कन्व्हर्जन कमी म्हणतात, म्हणजे शंभर जण दुकानाची पायरी चढले आणि दोघांनीच माल घेतला. त्याला हवं काय होतं, तर वर ड्रोनने काढलेला बागेचा व्हिडिओ आणि हिरव्याच्या जागी केशरी रंग. का, तर शेजारच्या बागायतदाराने तसं केलंय. रिसर्च म्हणाल तर एवढाच!

मोठ्या कंपन्या अशा वेळी ए-बी टेस्ट करतात, अर्ध्या लोकांना जुनं पान आणि अर्ध्यांना नवं दाखवायचं आणि कुठल्यावर जास्त खपतं ते बघायचं. मी हिशेब मांडून बघितला, शंभरातले 2 घेत होते ते 2.4 झाले आणि ते योगायोगाने नाही, हे जरा खात्रीने सांगायचं तर दोन्ही पानं मिळून साधारण 40 हजार माणसं लागतात. भावाच्या साइटवर दिवसाला दोनशे, म्हणजे दोनशे दिवस, आणि आंबा तर दोन महिन्यांत संपतो, मग करणार काय.

जेकब नीलसन म्हणून एक जण आहेत, साइट वापरायला सोपी कशी करायची यातले तज्ज्ञ, त्यांनी 2000 साली गणित मांडून दाखवलं होतं की पाच जणांना तुमच्यासमोर वापरायला बसवलं तर साइटमधल्या 85 टक्के अडचणी दिसतात. आमच्या धंद्यात हे वाक्य जपमाळेसारखं ओढतात आणि अर्धवट ओढतात. पाच जणांकडून फक्त कुठे अडतंय ते कळतं, किती जण विकत घेतील ते कळत नाही. पण आम्हाला तेवढंच पुरे होतं.

तर पहिली बसवली दादरची आत्या. सांगितलं, आत्या, फोनवरून दोन डझन आंबे मागव, मी काही बोलणार नाही. (नातेवाइकांना विचारलं की ते "छान झालीये हो" म्हणतात, म्हणून विचारायचं नाही, नुसतं बघायचं.) तिने आधी आंब्याचा फोटोच तीनदा दाबला, काही झालं नाही. मग बटण सापडलं तर तिथे 3 किलो, 5 किलो. म्हणाली, "अरे, हापूस किलोवर कोण घेतं? पाच किलोत किती डझन बसतात ते मी कसं सांगू?" पुढे गेली तर आधी अकाउंट उघडा, ओटीपी टाका. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेली, परत आली तोवर पान पहिल्यापासून सुरू. दुसऱ्या वेळी तिने आकडा तुमच्याच पेपरच्या कडेला पेनने लिहून घेतला तरी तेच. चौथ्या मिनिटाला फोन माझ्या हातात दिला.

बाकी चौघांपैकी तिघं ओटीपीपाशीच अडकले. आणि एकाने विचारलं, हा खरा देवगडचाच कशावरून, कर्नाटकचा नसेल कशावरून? हापूसला 2018 साली जीआय, म्हणजे माल अमुक भागातलाच असं सांगणारं भौगोलिक मानांकन, मिळालंय, भावाकडे त्याची नोंदणीही आहे, पण ती साइटवर होती पार तळाला, पत्त्याच्या खाली.

मग भावाचं व्हॉट्सअॅप उघडलं. आधीच्या सीझनचे मेसेज वाचत बसलो दोन संध्याकाळी आणि खरं सांगतो, रिसर्च म्हणतात तो तिथेच पडलेला होता फुकटचा. तेच ते प्रश्न, आमच्या पिनकोडला येतो का, तयार आहे की पिकवायला लागेल, एखादा खराब निघाला तर काय. यातल्या एकाचंही उत्तर साइटवर धड नव्हतं!

ड्रोन राहिला बाजूला. किलोचे डझन केले, पिनकोड सगळ्यात आधी विचारला, जीआयची नोंदणी भावाच्या शेजारी आणली (म्हणजे दराच्या शेजारी, माणसाच्या नव्हे), खराब निघाला तर काय ते दोन ओळीत लिहिलं, आणि अकाउंटची अट काढून टाकली. हे शेवटचं काही माझ्या डोक्यातलं नाही, नीलसन यांच्याच क्षेत्रातले जॅरेड स्पूल यांनी 2009 मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचा किस्सा लिहिला होता, तिथे खरेदीआधीचं रजिस्टरचं बटण काढून "पुढे चला" असं केलं तर पहिल्या वर्षात 30 कोटी डॉलरची विक्री वाढली. आमचे आकडे अर्थातच पेट्यांचे.

ऑर्डरी वाढल्या, पण सगळं श्रेय मी घेणार नाही, त्या वर्षी फळही बरं होतं आणि अक्षय्य तृतीयेला तसाही उठाव असतोच. ज्याची मला खात्री आहे ते एवढंच की "किलोत किती बसतात" असा मेसेज पूर्ण सीझनमध्ये एकही आला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी असा सल्ला छापाल तेव्हा डिझायनर शोधायच्या आधी घरातल्या पाच जणांना बसवा, एवढी एक ओळ त्यात घाला ही विनंती. आणि जमलं तर तुमच्या ई-पेपरच्या लॉगिनलाही कुणाला तरी बसवा, मी दोनदा सोडून दिलंय.

आत्याने या वर्षीची पेटी फोन करूनच सांगितली, तो भाग वेगळा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे