काका, आमच्या रत्नाला पालवी फुटली!

काका, त्या दिवशी फोनवर मला नीट बोलताच आलं नाही म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्ही केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

कुडाळचं भाड्याचं घर सोडताना सामानाचं टेन्शन नव्हतंच, होतं ते आईने अंगणात लावलेल्या कलमाचं. रत्ना आंबा, नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ साली वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून आलेली जात. अडीच वर्षांचं कलम, माझ्या खांद्याएवढं. मी भर एप्रिलात सामानाबरोबर ते पण खणून न्यायला निघालेले, तेवढ्यात शेजारच्या दगडी गडग्यापलीकडून तुमचा आवाज आला, "गो बाय, झाड म्हणजे काय कपाट आसा, उचललां नि ठेवलां?"

मग घरमालकांशी तुम्हीच बोललात, पावसापर्यंत झाड राहू दे म्हणून. बुंध्यापासून हातभर लांब अर्धगोल चर खणलात, मुळं धारदार कोयत्याने छाटलीत, शेणखत-माती घालून बुजवलंत आणि वीसेक दिवसांनी उरलेली बाजू. छाटलेल्या मुळांना बारीक तंतुमुळं फुटतात आणि नव्या जागी तीच पाणी ओढतात, हे मला कुठे माहीत होतं! तोवर रोजचं पाणीही तुम्हीच घातलंत, मी तर इकडे सावंतवाडीला.

मृगाच्या दोन-चार सरी झाल्यावर निम्मी पानं काढलीत, नव्या जागीही तीच बाजू पूर्वेला यावी म्हणून खोडाच्या पूर्वेकडे चुन्याची खूण केलीत, मातीचा गड्डा गोणपाटात सुंभाने आवळलात आणि टेम्पोच्या मागे त्या पावसात गड्डा धरून बसून आलात हो काका! आमच्याकडे सगळा जांभा, तीन फूट खड्ड्याला आधीच पहार लावून ठेवलेली, तरी कलमाचा जोड मातीच्या वर राहतोय ना म्हणून तुम्ही तीनदा माती सारून बघितलीत.

पंधरा दिवसांत उरलेली पानं पण गळली. मी रडत फोन केला तर तुम्ही एसटीने आलात, नखाने साल किंचित खरवडलीत, आत हिरवं. "जित्ता आसा." एवढंच बोललात, चहा घेतलात, पैसे नाही घेतलेत.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी तांबूस पालवी आली, आई अजून दिवसातून दहादा बघून येते.

थंडीत मोहोर आलाच तर खुडून टाक, झाडाची ताकद आधी मुळांना जाऊ दे म्हणालायत. जीवावर येईल, पण खुडेन.